अजून एकच वर्ष, असं किती वर्षं?

पत्रलेखक ४१ वर्षांचे मेकॅनिकल इंजिनीअर. १३ वर्षांपूर्वी ‘तीन-चार वर्षं काढू आणि परत येऊ’ असं ठरवून यूएईला गेले. सध्याच्या कंपनीत ९ वर्षं झाली. राहतात शारजात, काम दुबईत. पत्नी (वय ३८) तिथल्याच एका भारतीय शाळेत शिकवतात. मुलगी सीबीएसईच्या आठवीत आहे, जीवशास्त्राची आवड आहे; मुलगा तिसरीत. आई-वडील सांगलीला, वडिलांची बायपास झालेली. वाकडला घेतलेला फ्लॅट भाड्याने दिला आहे. गेल्या दोन वर्षांत मंडळातल्या ओळखीच्या तीन घरांनी गाशा गुंडाळला: दोघं कॅनडाला, एक ऑस्ट्रेलियाला. नवा मॅनेजर आल्यापासून नोकरीत मन लागत नाही, संध्याकाळचा दुबई-शारजा प्रवास जीव काढतो. ‘आता निघावं असं रोज वाटतं, पण ग्रॅच्युइटी अजून वाढू दे, अजून थोडे साठू देत, म्हणून प्रत्येक वर्ष पुढे ढकललं जातं. निघायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? आणि निघायचंच तर पुण्याला, की आणखी एका देशात?’ असं ते विचारतात.

नमस्कार,

आधी ग्रॅच्युइटीचा हिशोब करून टाकू, कारण तुमचं घोडं तिथे अडलंय. यूएईच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचं. तुमच्या ९ वर्षांचे झाले २२५ दिवस, म्हणजे साडेसात महिन्यांचं बेसिक. अजून एक वर्ष थांबलात तर त्यात भर पडेल एका महिन्याच्या बेसिकची. घरभाडं आणि गाडीचा भत्ता त्यात धरत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. एवढ्यासाठी कोणी वर्षभर मन मारून राहू नये. पगार चांगला आहे म्हणून थांबा, मुलांची शाळा आवडते म्हणून थांबा, पण त्याला ग्रॅच्युइटीचं नाव देऊ नका.

दुसरं, ‘अजून थोडे साठू देत’. तुम्हीच लिहिलंय की दीड कोटी व्हायच्या बेताला आले तेव्हा दोन ठरले आणि आता तीन म्हणताय. खर्चाशी न बांधलेला आकडा असाच सरकत राहतो. एका रविवारी दोघांनी बसून वाकडच्या घराचा महिना मांडा. सोसायटीचा मेंटेनन्स, दोन मुलांच्या फिया आणि बस, किराणा, कामाच्या मावशी, गाडी, विमा, सांगलीची औषधं, वर्षातून एखादी सहल. त्यातून पुण्यात दोघांना मिळू शकणारा पगार वजा करा. उरेल ती तूट, आणि मुलांच्या पुढच्या शिक्षणाची रक्कम, एवढंच बचतीतून भरायचंय. तो आकडा तीन कोटींपेक्षा बराच लहान निघाला तर आश्चर्य वाटायला नको. आणि मोठा निघाला तर थांबण्याला निदान खरं कारण मिळेल.

एक पथ्य पाळा. पुण्यातला पगार दिरहमच्या पगाराशेजारी ठेवू नका, तो नेहमी केविलवाणाच दिसतो. शिल्लक शिल्लकीशी ताडून बघा. शारजाचं भाडं, दोघांची फी, रोजचा सालिक (दुबईतला रस्त्याचा टोल), जुलैमधली चौघांची तिकिटं आणि सांगलीला दर महिन्याला पाठवायची रक्कम जाऊन हातात काय राहतं, आणि पुण्यात काय राहील.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. ‘वेळ झाली हे ओळखायचं कसं’ या प्रश्नात असं धरून चाललंय की कुठूनतरी खूण मिळेल आणि ती मिळेपर्यंत थांबायला हरकत नाही. कॅनडात स्थायिक झालेला माणूस परत जायचं की नाही यावर आयुष्यभर तळ्यात-मळ्यात करू शकतो. तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे आणि नागरिकत्व तिथे सर्वसाधारणपणे मिळत नाही. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, पण नोकरदारांसाठी दरमहा किमान ३०,००० दिरहम पगार किंवा २० लाख दिरहमची मालमत्ता अशा त्याच्या अटी आहेत आणि तुमच्या पत्रातला पगार त्यापासून लांब आहे. म्हणजे आज ना उद्या निघायचं आहेच. तुमच्या हातात आहे ते फक्त वर्ष निवडणं. ते तुम्ही निवडलं नाही तर प्रोजेक्ट संपल्यावर कंपनी निवडेल. २००९ मध्ये बांधकामं थंडावली तेव्हा आणि २०२० मध्ये कोविडात कितीजणांची वर्षं अशी दुसऱ्यांनीच निवडली, हे तुमच्या क्षेत्रातल्या जुन्या माणसांना विचारा. शाळेचं वर्ष अर्धवट, घरमालकाकडे भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आणि हातात थोडेच महिने, अशा अवस्थेत ‘पुढे कुठे’चा विचार नीट होत नाही.

पण घाई करायच्या आधी एक शंका. तुमच्या पत्रातल्या तक्रारी पुन्हा वाचल्या: मॅनेजर, इत्तिहाद रोडवरची रोजची रांग आणि निघून गेलेले मित्र. यातली एकही देशाबद्दल नाही. उद्या तुम्हाला दुबईत कामापासून वीस मिनिटांवर घर आणि बरा साहेब मिळाला, तर ‘निघावं’ ही भावना उरेल का? उरणार नसेल तर आधी नोकरी किंवा घर बदलून बघा. दुबईचं भाडं शारजापेक्षा जास्त आहे, मान्य. देश बदलण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त आहे. आणि मित्र गेले म्हणून वाटणारी रुखरुख तर कुठल्याच विमानतळावर उतरून जात नाही. टोरंटोला गेलेल्यांचे फोटो ग्रुपवर बर्फातले येतात. तिथल्या पहिल्या नोकरीसाठी त्यांना किती पायऱ्या खाली उतरावं लागलं, ते ग्रुपवर येत नाही.

समजा, तरीही निघावंसंच वाटलं. मग तुमच्या घरात काही घड्याळं चालू आहेत आणि ती सगळी एका वेगाने चालत नाहीत.

सर्वात कडक घड्याळ मुलीचं. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि दहावीत किंवा बारावीत मध्येच शाळा बदलणं अवघड असतं. तेव्हा तिच्यासाठी दारं दोनच: येत्या एप्रिलमध्ये नववीला, नाहीतर दहावी तिथेच करून अकरावीला. यातलं कुठलं निवडायचं हे ती पुढे काय करणार यावरही ठरतं आणि नेमकं हेच बऱ्याच पालकांना उशिरा कळतं. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात, आणि त्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते; अपवाद मोजकेच. दहावी शारजात झाली तर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळवूनही तिच्यापुढे प्रामुख्याने १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा आणि महागड्या खासगी जागा राहतील. उलट ती इंजिनीअरिंगकडे वळली तर आखातात राहण्याचाच फायदा आहे: एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने परदेशस्थांसाठी ज्या १५ टक्के अधिसंख्य (मंजूर जागांपलीकडच्या) जागा असतात, त्यातल्या एक तृतीयांश आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी असतात, आणि एनआयटींमध्ये परदेशस्थ विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या ‘डासा’ योजनेतही त्यांना फीमध्ये मोठी सवलत असते. तुम्ही परत आलात की ते दार मिटतं. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा, मंडळातल्या काकांवर विसंबू नका.

तेरा वर्षांच्या मुलीला आयुष्यभराचं काही ठरवायला लावू नये, हे खरं. पण हे सगळं तिच्यासमोर मांडून तिला काय वाटतं ते विचारता येतंच. तुमच्या पत्रात तिचा कल लिहिलाय, मत कुठेच नाही.

दुसरं घड्याळ तुमच्या वयाचं. पुण्याला जायचं तर त्याला अर्थ नाही, तिसऱ्या देशात जायचं तर फार आहे. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवरून कायम निवासासाठी निवड होते त्या पद्धतीत, जोडीदारासह अर्ज केला तर २० ते २९ वयाला १०० गुण मिळतात, ४१ ला ३५ आणि ४५ ला शून्य. २०२५ च्या मार्चपासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकलेत, आणि कायम निवासाची वार्षिक संख्या २०२४ च्या ४,८५,००० वरून २०२५ साठी ३,९५,००० वर आणली. ऑस्ट्रेलियाच्या स्वतंत्र कौशल्य व्हिसासाठी बोलावणं यायच्या वेळी वय ४५ च्या आत लागतं, किमान ६५ गुण लागतात, आणि ४० ते ४४ वयाला फक्त १५ मिळतात. २५ ते ३२ वयाला ३० मिळतात. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याला) बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम निवास मिळू शकतो. तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं, क्लास लावा. पण चौदाव्या वर्षी मुलीला जर्मन शाळेत घालायचं आणि नवीन भाषेत भौतिकशास्त्र शिकायला लावायचं, याला माझं मन तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. ‘कॅनडासाठी माझे गुण कमी पडतात’ एवढं लिहून तुम्ही फाईल बंद केलीत. मुख्य अर्जदार तुम्हीच असायला हवं असं कुठे आहे? पत्नी तीन वर्षांनी लहान आहेत, म्हणजे वयाचे त्यांना ५५ गुण. त्या शाळेत शिकवतात आणि २०२५ पासून कॅनडाने निवडीसाठी शिक्षण क्षेत्राचा वेगळा गट केला आहे, त्यात शिक्षक येतात. तिथे शिकवायला प्रांताचा परवाना लागतो आणि तो मिळवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, त्यामुळे हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण कॅनडा खरोखर डोक्यात असेल तर फाईल त्यांच्या नावाची व्हावी. आणि मग प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांना विचारायला हवा. एवढ्या लांब पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘मिसेसचं म्हणणं, तुम्ही ठरवाल ते.’ तेरा वर्षं परदेशात घर आणि नोकरी सांभाळलेल्या बाईला खरंच काही म्हणायचं नसेल, हे मला पटत नाही. पुण्यातल्या खासगी शाळेतला पगार त्यांना माहीत असेल. सासर-माहेर गाडीच्या अंतरावर आलं की आपल्या वेळेचं काय होतं, हेही माहीत असेल. ते बोलून दाखवायला जागा मिळाली नसेल.

तिसरं घड्याळ वडिलांचं, आणि ते कोणालाच वाचता येत नाही. इथे एकच सांगते. पुण्याला आलात म्हणजे सांगलीला आलात असं होत नाही. रात्री दोनला फोन आला तर पुण्याहूनही चार-पाच तास लागतात. आधी शेजारी आणि तिथला डॉक्टरच उपयोगी पडणार, तेव्हा ती व्यवस्था तुम्ही कुठेही असलात तरी आत्ताच लावा. मात्र महिन्यातून दोनदा जाऊन त्यांच्याबरोबर जेवता येणं आणि वर्षातून एकदा सूटकेस घेऊन उतरणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्हाला ते हवं असेल तर ‘वडिलांसाठी’ असं न म्हणता ‘मला हवंय म्हणून’ म्हणा. नाहीतर पुण्यातल्या पहिल्याच वाईट महिन्यात त्याचा बोजा त्यांच्यावर पडेल.

एक तिसरा मार्गही तुम्ही सुचवलाय: बायको-मुलं पुण्यात, तुम्ही तिकडे. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडच्या कितीतरी घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय आणि त्यावर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. पण बहुतेकांपुढे दुसरा रस्ता नव्हता, तुमच्यापुढे आहे. नोटीस पिरियड आणि शाळेचं वर्ष जुळवायला सहा-आठ महिने असं राहणं वेगळं. त्यापुढे न्यायचं तर परतायची तारीख आधी लिहून ठेवा, कारण शेअरिंगमधली खोली आणि वाकडचा ईएमआय यांची एकदा सवय झाली की ती तारीख मग कोणीच विचारत नाही.

माझा कल विचाराल तर असा आहे: कॅनडा-ऑस्ट्रेलिया तुमच्या नावाने सोडून द्या. पुण्याचा निर्णय येत्या एप्रिलसाठी घ्या, किंवा जाणूनबुजून मुलीच्या दहावीनंतरसाठी घ्या. मधलं वर्ष काढून टाका. दहावीनंतरचं निवडलंत तर पुढची दोन वर्षं हा विषय घरात रोज निघता कामा नये. घर दुबईत हलवा, नोकरी बदला, मुलाला पोहायला घाला, सुखाने राहा. मला स्वतःला येता एप्रिल बरा वाटतो, मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे आहे म्हणून आणि मुलगा अजून लहान आहे म्हणून. पण हे मत वाकडच्या घराचा हिशोब न बघता दिलंय, एवढं लक्षात ठेवा.

ठरवण्याआधी जुलैत पुण्याला या. डिसेंबरात लग्नं, हुरडा आणि गुलाबी थंडी यांत दिसतं ते पुणं पाहुण्यांसाठी असतं. जुलैत तुमच्याकडे सुट्टी आणि इथे शाळा चालू असतात, पाऊस पडत असतो, हिंजवडीचा रस्ता आपल्या खऱ्या रूपात असतो. हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे न राहता महिन्याभरासाठी वाकडच्या आसपास घर घ्या. सकाळी नऊला हिंजवडीला आणि संध्याकाळी सहाला बाणेरला जाऊन या. सोसायटीत टँकर कधी येतो ते विचारा. मुलीला दोन शाळा दाखवा, तिथल्या नववीतल्या मुलींशी बोलू द्या. तुम्ही तीन-चार मुलाखती देऊन या. आखातातल्या अनुभवाची इथे काय किंमत होते ते अंदाजाने कळत नाही.

मग नोव्हेंबरअखेर निर्णय. त्याआधी नको आणि त्यानंतरही नको, कारण पुढची कामं वेळ खातात. भाडेकरूशी करार अकरा महिन्यांचा असेल तर तो कधी संपतो ते आजच बघा. तुमचा नोटीस पिरियड कायद्याने ३० ते ९० दिवसांच्या मध्ये कुठेतरी असेल. कॉन्ट्रॅक्ट काढून वाचा. घराच्या चेकची शेवटची तारीख मार्चच्या आसपास येईल असं बघा किंवा घरमालकाशी आधी बोला. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती राजीनाम्याआधी फेडा, नाहीतर शेवटच्या हिशोबाची रक्कम बँक अडकवून ठेवू शकते. व्हिसा रद्द करताना आधी कुटुंबाचे आणि शेवटी तुमचा. शाळेच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याचे शिक्के लागतात, त्यासाठी मार्चची वाट बघू नका.

आरोग्य विम्याचं मात्र नोव्हेंबरपर्यंतही थांबवू नका. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि भारतातल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आत्ता घेतलीत तर ती मुदत तुम्ही तिकडे असतानाच सरायला लागेल.

कराचं थोडक्यात. मागच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, तर परतल्यावर साधारण दोन-तीन आर्थिक वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथे कर लागत नाही. एनआरई (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं) खातं मात्र तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी किंवा आरएफसी (निवासी व्यक्तीच्या परकीय चलनाच्या) खात्यात बदलावं लागतं. सीएला भेटायचं ते तिकीट काढायच्या आधी.

तुमच्यासारख्या, पण वेगळ्या वयाच्या वाचकांसाठी दोन ओळी. तिशीच्या आत असाल, मुलं नसतील आणि तिसरा देश मनात असेल, तर आखातात ‘आधी थोडे साठवू’ म्हणत बसू नका, कारण वयाचे गुण त्याच काळात गळतात. पंचावन्नच्या पुढे असाल आणि मुलं मार्गी लागली असतील, तर यूएईचा निवृत्तांसाठीचा व्हिसा एकदा बघून ठेवा. सगळ्यांनी परतलंच पाहिजे असा काही दंडक नाही.

जुलैतला महिना झाला की कळवा. आणि जमलं तर ते पत्र पत्नीला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवलं तरी चालेल.